न हलणारा गडी

तो दाराची माफी मागायचा.

चौकटीला डोकं आपटलं की माणूस दाराला शिवी हासडतो. मी तर हासडतोच. हा थांबायचा, कपाळ न चोळता चौकटीवर तळवा ठेवायचा आणि हळू आवाजात म्हणायचा, "सुमिमासेन." माफ करा म्हणायला जपानी लोक हा शब्द वापरतात. मेट्रोतल्या लोंबत्या कड्यांना तो तसं म्हणायचा, दुकानात टांगलेल्या पाट्यांना म्हणायचा, आमच्या स्वैपाकघरातल्या दिव्याला तर दर खेपेला म्हणायचा. सात फुटाला दोन बोटं कमी असा गडी. जपानातली दारं काही त्याच्या मापानं केलेली नव्हती.

मी एकदा बोललो, "अरे, लागलं तुला, आणि माफी तूच मागतोस?"

त्याचं इंग्रजी माझ्याइतकंच, म्हणजे मोडकं. म्हणून तर आमचं जमलं. तो म्हणाला, "पापा-सान, डोअर फर्स्ट. आय कम आफ्टर." म्हणजे बाबाजी, दार आधीपासून इथं आहे, मी मागून आलो.

मीही या देशात मागूनच आलेला.

माझं थोडक्यात सांगतो. चौथीत शाळा सुटली. पुढं सगळी उमर हडपसरला गॅसचे सिलेंडर पोचवले. खांद्यावर घ्यायचा, जिना चढायचा, रिकामा घेऊन उतरायचं. त्यावर पोराला शिकवलं. पोरगा कॉम्प्युटरमध्ये गेला आणि टोकियोला आला. बायको वारल्यावर म्हणाला, बाबा, एकटे राहू नका. आलो. टोकियोतल्या निशी-कसाई भागात राहतो. इथं आपली माणसं पुष्कळ, दुकानात पोहे, शेंगदाणे, गोडा मसाला सगळं मिळतं. पण पोरगा सकाळी जातो तो अंधारात येतो, सून घरून काम करते, दिवसभर कानाला यंत्र लावून 'हाय, हाय', म्हणजे हो, हो, करत जपानी साहेबांशी बोलते. मी खिडकीत. बायकोचा फोटो भिंतीवर. आम्ही दोघं एकमेकांकडं बघत बसायचो.

तो गडी पहिल्यांदा दिसला तो फ्रिज पाठीवर घेऊन. शेजारी नवीन बिऱ्हाड येत होतं. इथं सामान हलवणाऱ्या कंपन्या असतात, त्यांची माणसं टोपी घालतात, सामान घासू नये म्हणून भिंतीला मऊ चादरी लावतात, पळतपळत काम करतात. त्यात हा. गणवेशाची पँट नडगीपर्यंत. बाकीचे पळतायत आणि हा एकटाच डोंगर सरकावा तसा सरकतोय. मी दार उघडून बघत होतो, हातात ताकाचा पेला. पाठीवर ओझं घेतलेला माणूस दिसला की माझे पाय घरात थांबत नाहीत. फ्रिज आत ठेवून तो परत आला, माझ्या पेल्याकडं बघितलं आणि वास घेतला. कुत्रं घेतं तसा, उघड उघड. मी पेला पुढं केला. त्यानं एका घोटात संपवला. मग टोपी काढून मला वाकून नमस्कार केला आणि दोन्ही हातांनी पेला परत दिला.

त्याच्या गावाकडं असंच आंबट ताक करतात म्हणे. त्याच्या देशाचं नाव सुनेनं सांगितलं होतं, पण मला अजून धड उच्चारता येत नाही. युरोपात आहे. लहान आहे, थंड आहे, झाडं फार. बापाची लाकडाची वखार होती, ती आता भाऊ चालवतो.

तेव्हापासून सुट्टीच्या दिवशी तो ताकाला यायचा. चार-पाच उकडलेली अंडी खिशात आणायचा आणि ताकाबरोबर खायचा. सून म्हणाली, "बाबा, घरात अंडं चालतं आपल्याला, पण खिशातलं?" मी म्हणलं, "पोरी, त्याचा खिसा आपल्या पिशवीएवढा आहे." खुर्चीत बसायचा नाही. एका घरी खुर्ची मोडली होती, तेव्हापासून भुईवरच. आमच्या दारातून आत यायला त्याला कमरेत वाकावं लागायचं, आणि दारासमोरच्याच भिंतीवर बायकोचा फोटो. बघणाऱ्याला वाटावं तिच्या पाया पडतोय. तो तसा पडत नव्हता हे मला ठाऊक आहे. पण मी फोटो तिथून हलवला नाही.

सामान वाहायचं काम पोटासाठी होतं. त्याला व्हायचं होतं बास्केटबॉलचा धंदेवाईक खेळाडू, पगार घेऊन खेळणारा. तिकडं त्याच्या गावच्या क्लबात तो होता, तिथंही बाकावरच बसवलेला, मग तो क्लबच बंद पडला. म्हणून वर्षभर राहून काम करायची परवानगी काढून जपानात आला. वर्ष संपायच्या आत एखाद्या क्लबानं घेतलं तर ठीक. नाही तर परत जायचं आणि वखारीत लाकडं चिरायची. भावानं जागा धरून ठेवली होती. हे सगळं त्यानं मला तुकड्यातुकड्यानं सांगितलं, आणि वखारीचं नाव घेताना आपल्याच पंज्यांकडं बघायचा.

पोराला मी विचारलं, "याला घेतील का रे?"

पोरगा मोबाइलवर बराच वेळ बोट फिरवत बसला. "बाबा, खरं सांगू? अवघड आहे. प्रत्येक टीमला बाहेरदेशचे मोजकेच घेता येतात. त्या जागांवर अमेरिकेचे येतात, मोठमोठ्या ठिकाणी खेळून आलेले. याचा इंटरनेटवर एक धड व्हिडिओ नाही. कोण ओळखतं याला?"

"उंची बघ की."

"तिथं सगळ्यांनाच उंची असते हो. आणि अठ्ठावीसचा झाला. वर हा उडीच मारत नाही!"

ते मात्र खरं होतं. बागेत एक बास्केट आहे, तिथं मी त्याला बघायचो. दुसरी पोरं उड्या मारून कडी धरून लोंबकळायची. हा बॉल हातात घ्यायचा आणि कोनाड्यात पणती ठेवावी तसा अलगद आत ठेवून द्यायचा. मी म्हणलं, "तू करतोस तरी काय खेळात? कशात हुशार आहेस?"

म्हणाला, "आय स्टँड."

"म्हणजे?"

"आय स्टँड, पापा-सान. व्हेरी गुड स्टँड."

मला वाटलं थट्टा करतोय. उभा तर खांबही राहतो. मग त्यानं मला समजावलं. आपला लहान गडी बॉल घेऊन पळतो, त्याच्या पाठीला समोरच्या संघातला एक लागतो. तेव्हा मोठ्या गड्यानं जाऊन त्या पाठलाग करणाऱ्याच्या वाटेत उभं राहायचं. पाय रोवून, हात छातीशी. तो येऊन आदळतो, तेवढ्यात आपला लहान मोकळा सुटतो आणि बॉल टाकतो. पण अट अशी की एकदा उभं राहिलं की हलायचं नाही. पाय सरकला किंवा खांदा ढकलला की शिट्टी वाजली. नुसतं आपटून घ्यायचं, आणि टाळ्या लहानाला. मी म्हणलं, हा कसला खेळ? हे तर आमच्या आयुष्याचं वर्णन झालं.

याचा सराव करायला त्याला माणूस हवा होता. कोण देणार धडक? मी दिली.

"यू, पापा-सान. यू आर हेवी. कम."

बाजारातनं आणलेली बटाट्याची पिशवी बाकावर ठेवली, चपला काढल्या आणि गेलो पळत. सत्तरीचा माणूस. आदळलो. देवाशप्पथ सांगतो, वडाच्या बुंध्यावर आदळल्यासारखं झालं. मी मागं कोसळणार तेवढ्यात त्याच्या पंज्यानं माझी पाठ धरली. ही त्याची दुसरी खोड. आदळणाऱ्याला तो पडू द्यायचा नाही. पाय तसेच रोवलेले, फक्त हात पुढं यायचा.

"अगेन," तो म्हणाला.

पुन्हा गेलो. बाबागाड्या घेतलेल्या दोन बायका तोंडावर हात ठेवून हसत होत्या. तेवढ्यात सायकलवरचा पोलीस थांबला. त्यानं काय बघितलं, तर एक राक्षसासारखा गोरा आणि त्याच्या छातीवर धापा टाकणारा म्हातारा. तो घाबरून मला विचारायला लागला, "दाइजोबु देसु का?" तुम्ही ठीक आहात ना?

मी म्हणलं, "दाइजोबु, दाइजोबु! तो नाही मारत, मी मारतोय त्याला!" आणि दाखवायला म्हणून पुन्हा एक धडक दिली. पोलीस बराच वेळ आमच्याकडं बघत उभा राहिला. मग त्यानं टोपी सारखी केली आणि निघून गेला. घरी गेल्यावर सुनेला सांगितलं तर ती कपाळावर हात मारून घेत हसली. तिची सासू गेल्यापासून त्या घरात कोणी तसं हसलं नव्हतं.

एकदा मात्र बिनसलं. आमचा स्वभाव वाईट, तोंडात येईल ते बोलतो. मी म्हणलं, "तू भितोस. एवढं अंग घेऊन एकाला पाडत नाहीस. दोघा-तिघांना आडवं कर, मग बघ क्लबवाले कसे पळत येतात." भित्रा हा शब्द त्याला कळावा म्हणून मी अंग चोरून थरथरून दाखवलं. त्यानं पेला खाली ठेवला आणि वाकून दारातून निघून गेला. पुढच्या सुट्टीला आला नाही, त्याच्या पुढच्यालाही नाही. सून म्हणाली, "बाबा, माणसं तोडायला तुम्हाला फार वेळ लागत नाही." हेच वाक्य बायको म्हणायची. शब्दसुद्धा तेच.

मग एक दिवस आपणहून आला. भुईवर बसला आणि पाठ करून आणल्यासारखं बोलला. सुनेनं मला मराठीत सांगितलं ते असं. "मी घाबरत नाही. मी मोठा आहे. मला जो आदळेल त्याला तसंही लागणारच आहे. वरनं मी आणखी कशाला मारू?"

मी उठून ताक घुसळायला घेतलं. आमच्यात माफी अशीच मागतात.

आता त्या उन्हाळ्याचं सांगतो.

उत्तरेकडच्या एका शहरातला क्लब टोकियोत येऊन खेळाडू बघणार होता. वरच्या पायरीचा नव्हे, दुसऱ्या पायरीचा क्लब. बाहेरदेशच्यांसाठी त्यांच्याकडं एकच जागा उरलेली आणि त्या जागेसाठी तिघांना बोलावलं, त्यात हा. सामानाच्या कंपनीतल्या कोणाचा तरी मेहुणा त्या क्लबात होता, त्यानं शब्द टाकला. परवानगीचं वर्ष संपत आलं होतं. म्हणजे ही एकच संधी, आणि नाही तर वखार.

नेमकं आदल्या दिवशी आमच्याकडं वर्षश्राद्ध आलं.

इथं थोडं मागं जातो. बायकोच्या दहाव्याला पुण्यात कावळा शिवला नाही. उन्हात सगळे ताटकळले. कोणी म्हणे इच्छा राहिली असेल, कोणी म्हणे पोराचं सांभाळतो म्हणा, कोणी काय. सगळं बोलून झालं. शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला आणि उरकलं. लोक घरी गेले, जेवले. माझ्या मनातनं ते गेलं नाही. चाळीस वर्षं संसार केलेल्या बाईची काय इच्छा राहिली हे मला सांगता आलं नाही, ही गोष्ट मी कोणापाशी बोललो नव्हतो.

वर्षश्राद्धाला गुरुजी पुण्याहून मोबाइलवर होते. सुनेनं रजा काढून खीर, वडे, आळूची भाजी, आमसुलाची चटणी सगळं केलं. गुरुजी म्हणाले, आता कावळ्याचं पान ठेवा. इथं आली पंचाईत. टोकियोत कावळ्यांना तोटा नाही, आपल्या कावळ्याच्या दीडपट, कोंबडीएवढे. पण कचऱ्याची पिशवी फोडतात म्हणून सगळं शहर कचऱ्यावर जाळ्या टाकून बसलेलं. बाहेर अन्न ठेवायचं नाही असा इमारतीचा नियम. खालचे राखणदार, टोपीवाले म्हातारे गृहस्थ, फार सज्जन, पण याबाबतीत कडक. पोरगा म्हणाला, "बाबा, गॅलरीत नको हं, तक्रार येईल."

तो गडी जेवायला बोलावलेला होता, भुईवर बसून सगळं बघत होता. श्राद्धाला बाहेरचा माणूस तृप्त होऊन उठला पाहिजे, म्हणून मीच बोलावलेला. त्यानं सुनेला विचारलं काय झालं, तिनं सांगितलं. तो पान उचलून म्हणाला, "रिव्हर."

आम्ही सगळे नदीच्या बांधावर गेलो. तिथंही मनाई असेल कदाचित, आम्ही कोणाला विचारलं नाही. पान गवतावर ठेवलं. कावळे दिव्याच्या खांबांवर बसून बघत होते, पण खाली येईनात. माणसांनी एवढं हाकललेले पक्षी, त्यांचा तरी विश्वास कसा बसावा?

तेव्हा त्या गड्यानं पान उचललं, तळहातावर घेतलं आणि हात उंच करून उभा राहिला. पाय रोवून, बागेत माझ्यापुढं राहायचा तसा. तो हललाच नाही. ऊन होतं, कपाळावरनं घाम डोळ्यात जात होता, तरी पापणी लवली नसेल. आम्ही लांब जाऊन बसलो.

सून हळूच म्हणाली, "बाबा, काहीतरी बोला. आईंची काय इच्छा असेल ती."

माझ्या तोंडातनं आपोआप आलं. "तू म्हणायचीस ना, तुम्ही माणसं तोडता. हे बघ. एक जोडलाय. केवढा आहे बघ."

आणि एक कावळा उतरला. आधी त्याच्या मनगटावर, मग पानावर. वड्याचा तुकडा उचलला आणि नदीवर उडाला.

बाईला पटलं म्हणून कावळा आला, असं मी म्हणत नाही. त्याला भूक लागली असेल. त्याला जे झाड वाटलं त्यावर तो बसला. पण मी त्या बांधावर बसून वर्षभराचं रडून घेतलं. पोरानं माझ्या पाठीवर हात ठेवला. तो गडी हात तसाच वर धरून उभा होता, आता खाली घेतला तरी चालेल हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं.

घरी येऊन पानं वाढली आणि आमच्या हातनं घोळ झाला. आग्रह. श्राद्धाचा पाहुणा, त्यात कावळा शिववलेला, त्याला का अर्ध्या पोटी उठवायचा? मी वाढत गेलो आणि तो खात गेला. आमच्याकडं पाहुण्यानं दोनदा नको म्हणायचं असतं, तिसऱ्यांदा घ्यायचं असतं, हे त्याला कोणी शिकवलेलं नाही. तो पहिल्यांदाच हो म्हणायचा. परातीतले वडे संपले, खीर संपली.

पोरगा ओरडला, "बाबा, उद्या त्याची ट्रायल आहे!"

"मग काय उपाशी धाडू?"

"अहो, पळायचंय त्याला!"

"तो कधी पळतो?" मी म्हणलं. पण म्हणताना मलाच धाकधूक झाली.

दुसऱ्या दिवशी वॉर्डाच्या व्यायामशाळेत आम्ही तिघं वरच्या सज्जात बसलो, बूट काढून, तिथल्या चपला घालून. माझ्या पायांना त्या पुरत नव्हत्या. खाली तिघे उमेदवार. एक अमेरिकेचा, तो उडायचा काय! कडीला लोंबकळला तर अख्खं बास्केट हललं आणि सगळी जपानी पोरं एका सुरात "ओऽ" म्हणाली. दुसराही चपळ होता. आमचा जड. पहिला बॉल हातातनं सुटला. दुसरा टाकला तो कडीला लागून परत आला. पळताना तोंड मिटून धरलेलं, ढेकर दाबत होता हे मला वरनं कळलं.

"वडे," पोरगा म्हणाला. एवढंच म्हणाला.

मग प्रशिक्षकानं जोड्या बदलल्या. क्लबाचा स्वतःचा एक लहान गडी होता, उंचीनं माझ्या सुनेएवढा, पळायला ससा. तो आमच्या गड्याच्या बाजूनं खेळायला आला. त्याच्या पाठीला समोरचा लागला आणि आमचा माणूस सावकाश चालत जाऊन मधे उभा राहिला. पाठलाग करणारा आदळला. लहान सुटला. बॉल आत. परत तेच, या बाजूनं, मग त्या बाजूनं. लहानाला कळलं की इथं सावली आहे, तो तिथनंच पळायला लागला. शेवटी तो अमेरिकेचा गडी चिडून स्वतः पाठीला लागला आणि भरधाव येऊन आदळला. त्याला धरायलाही आमच्याला सवड मिळाली नाही, एवढ्या जोरात तो आडवा झाला. आमचा वाकला, त्याला दोन्ही हातांनी उठवून उभं केलं, त्याचा गुडघा बघितला आणि परत आपल्या जागेवर गेला. शिट्टी वाजली नाही. पाय सरकलेलाच नव्हता.

मी सज्जाचा कठडा धरून बसलेलो. म्हणलं, "बघितलंस? तो माझ्यावर शिकलाय."

"हो बाबा," पोरगा म्हणाला. "हळू बोला."

खेळ संपला. सगळ्यांनी रांगेत उभं राहून मैदानाला नमस्कार केला. प्रशिक्षक तिघांशी थोडं थोडं बोलला. सून कान देऊन ऐकत होती, तिचा चेहरा उतरला. "'विचार करून कळवतो' म्हणालेत."

"मग चांगलंय की."

"नाही बाबा. इथं तसं म्हणाले म्हणजे नाही असतं. तोंडावर नाही म्हणत नाहीत."

"आपल्याकडं 'बघू' म्हणतात तसं?"

"अगदी तसंच."

आम्ही उठलो. तेवढ्यात तो लहान गडी प्रशिक्षकापुढं जाऊन उभा राहिला. कमरेत पूर्ण वाकला आणि वाकूनच बोलायला लागला. बाकीचे जागच्या जागी थांबले. सून म्हणाली, "हे असं इथं कोणी करत नाही, बाबा. हा वयानं लहान आहे."

"काय म्हणतोय?"

ती ऐकत ऐकत सांगायला लागली. "म्हणतोय... 'मी बेअदबी करतोय, माफ करा. इतकी वर्षं खेळलो. आज पहिल्यांदा मला मागं वळून बघावं लागलं नाही.'"

प्रशिक्षकानं लहानाच्या डोक्यावर हलकेच टपली मारली, बॉलची पिशवी उचलली आणि गेला. आमचा गडी कोपऱ्यात आपले बूट पिशवीत भरत होता. त्याला यातलं काहीच कळलं नव्हतं.

पुढचे दिवस वाईट गेले. भावाचा निरोप आला होता की थंडीच्या आत ये. तो यायचा, ताक प्यायचा, बोलायचा नाही. मीही बोलायचो नाही. सून म्हणाली, दोन म्हातारे बसल्यासारखे बसता.

एका दुपारी खाली हॉर्न वाजला. बघतो तर सामानाच्या कंपनीचा ट्रक भर रस्त्यात उभा. इथं कोणी असा हॉर्न वाजवत नाही, उभ्या गल्लीच्या खिडक्या उघडल्या. हा ट्रकमधनं उतरून वर बघत होता, मोबाइल हवेत धरलेला. त्याचा मुकादम शेजारच्या सगळ्यांना वाकून वाकून माफ करा म्हणत होता आणि हसत होता. मी जिन्यानं उतरलो, गुडघ्यांची पर्वा केली नाही. त्यानं मला उचललं. उभ्या जन्मात मी ओझी उचलली, मला कोणी उचललं नव्हतं. टोपीवाले राखणदार बाहेर आले, त्यांना वाटलं काही अपघात झाला. सुनेनं वरनं ओरडून सांगितलं, याला क्लबानं घेतलं, तर त्यांनी टोपी काढून टाळ्या वाजवल्या.

एका हंगामाचा करार होता. पुढं काय ते पुढं. शहर लांबचं, बर्फाचं. पण करार तो करार, पगार घेऊन खेळणारा खेळाडू. जाताना मी त्याला विरजणाचं भांडं दिलं आणि सांगितलं, थंडीत झाकून ठेव, नाही तर लागायचं नाही. त्यानं ते आगगाडीत मांडीवर धरून नेलं.

त्याच्या पहिल्या सामन्याला पोरानं आम्हाला नेलं. हजारो माणसं, सगळ्यांच्या गळ्यात एका रंगाचे टॉवेल. दिवे मालवले, ढोल वाजायला लागले आणि माइकवरचा माणूस एकेका खेळाडूचं नाव घेऊन बोलवायला लागला. एकेक जण उजेडाच्या झोतातनं पळत यायचा. मग त्यानं आमच्याचं नाव घेतलं. लांबवून लांबवून, मधे नसलेली अक्षरं घालून, साफ चुकीचं घेतलं. पण घेतलं. आणि हजारो माणसांनी तसंच चुकीचं परत म्हटलं.

तो पळत आला नाही. चालत आला, आपल्या चालीनं. त्या लहानाच्या शेजारी जाऊन उभा राहिला.

मी उठून उभा राहिलो.

सुनेनं बाही ओढली. "बाबा, बसा. मागच्यांना दिसत नाही."

मागनं एक म्हातारी बाई पुढं वाकून तिच्याशी काहीतरी बोलली. सून अवघडून म्हणाली, "विचारतायत, तो मोठा तुमचा कोण लागतो."

"आमच्या घरचा आहे म्हणून सांग," मी म्हणलं. "आणि हेही सांग की दिसत नसेल तर त्यांनी उभं राहावं. मी काही आज बसत नाही."